जानेवारीतला रंकाळा, फेब्रुवारीतला रंकाळा

१ जानेवारीला पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला जागा मिळत नाही. नवे बूट, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या ट्रॅकपँटा, संध्यामठाकडे तोंड करून हात ताणणारी सबंध कुटुंबं. फेब्रुवारी उजाडला की त्याच वाटेवर कानटोपीवाले चार आजोबा, दोन मावश्या आणि कुत्री. मी सलग तीन वर्षं त्या जानेवारीच्या गर्दीत होतो आणि तिन्ही वेळा संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर माझा उत्साहही संपला.

घरच्यांचं निदान ठरलेलं: ‘तुझ्यात जिद्दच नाही.’ जिद्द म्हणजे जणू माठातलं पाणी. कुणाचा माठ मोठा, कुणाचा गळका. गेल्या पन्नासेक वर्षांतलं मानसशास्त्र मात्र माठाकडे कमी आणि आजूबाजूला जास्त बघतं. माणूस टिकतो की गळतो, हे त्याच्याभोवती काय मांडून ठेवलंय यावर बरंच ठरतं.

जानेवारीच्या गर्दीचं कोडं सोपं आहे. डाय, मिल्कमन आणि रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची किंवा सेमिस्टरची सुरुवात आली की विद्यापीठाच्या जिममधली हजेरी वाढते. तारखेनं रेघ मारली की जुने पराभव रेघेच्या पलीकडे गेल्यासारखे वाटतात. आपल्याकडे यात गुढीपाडवा आणि श्रावणातला पहिला सोमवार धरायला हरकत नाही. पण हे झालं सुरुवातीचं. पुढं काय?

प्रेरणा म्हटलं की व्याख्यानांमध्ये मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड येतोच: खाली भूक, वर आत्मसिद्धी. गंमत अशी की मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ निबंधात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते नंतर इतरांनी काढलं. आणि पहाटे पाचला पांघरुणातून बाहेर पडायला त्या चित्राचा मला तरी कधी उपयोग झालेला नाही.

मला खरं शहाणपण भाच्यानं शिकवलं. तो आठ वर्षांचा होता, दिवसभर चित्रं काढायचा. बहुतेक फुटबॉलची, दोन गोलपोस्ट आणि मध्ये पेठांच्या झेंड्यांची खिचडी. मी लाडात येऊन जाहीर केलं, चित्रामागं दहा रुपये. पहिल्या दिवशी तीन चित्रं आली, दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशीच्या चित्रात एक गोल, एक रेघ आणि खाली सही. मग माझे सुट्टे पैसे संपले आणि त्याची चित्रंही. वही पुढं केली तर म्हणाला, ‘मामा, आज किती देणार?’

हाच प्रकार लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मोजला होता. स्केचपेननं रंगवायला मनापासून आवडणारी ५१ मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की रंगवलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बक्षिसाचा विषय न काढता पेनं पुन्हा मांडली. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगवत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र शाबूत होता. म्हणजे बिघाड बक्षिसात नव्हता, सौद्यात होता. ‘मला आवडतं म्हणून’ याच्या जागी ‘मिळतंय म्हणून’ येऊन बसलं, आणि मिळणं थांबल्यावर कारणच उरलं नाही.

त्याआधी, १९७१ मध्ये, एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी देऊन असंच काही पाहिलं होतं. पुढं त्यांनी रिचर्ड रायन यांच्यासोबत स्वयंनिर्णयाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते माणसाला आतून चालतं ठेवायला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मर्जीनं करतोय ही भावना, मला हे जमत चाललंय ही जाणीव, आणि आपली माणसं.

हे वाचताना मला आमच्या पेठेतली कुस्तीची तालीम दिसते. तिथं पहाटे चारच्या सुमाराला दिवा लागतो. राधानगरीकडची, शाहूवाडीकडची पोरं तिथंच मुक्कामाला असतात. आधी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा. ताक, तेल, हळद मुरलेली तांबडी माती फावड्यानं खालीवर झाली की ओलसर, आंबूस वास आमच्या खिडकीपर्यंत येतो. मग जोर, बैठका, मग लढती. एका पोराला मी विचारलं, रोज उठायचा कंटाळा येत नाही? ‘येतोय की,’ तो म्हणाला. ‘पर जोडीदार हौद्यात हुबा असतोय.’

जमत चाललंय हे त्याला कुणी सांगावं लागत नाही; गेल्या महिन्यात ज्याच्याखाली चीत झाला त्याला आज तो पाच मिनिटं अडवतो. वस्ताद कधी ‘शाब्बास’ म्हणतील याचा नेम नसतो, म्हणूनच त्या शब्दाला वजन असतं. आणि चांदीची गदा? तीही बक्षीसच. पण १९१२ साली तयार झालेल्या खासबाग मैदानात ती खांद्यावर घेणारा मल्ल ‘आपण इथवर आलो’ हे गावाला सांगत असतो. डेसी आणि रायन हाच फरक करतात: बक्षीस कुणाला नाचवतं की कुणाला त्याची पायरी दाखवतं? माझ्या दहाच्या नाण्यांनी भाच्याला नाचवलं.

मर्जीच्या बाबतीत तालमी काही सोवळ्या नाहीत. बापाच्या हौसेखातर आलेली पोरंही असतात, आणि ती बहुतेक दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत.

आता माझ्यासारख्या, वस्ताद नसलेल्या माणसानं काय करायचं? २००२ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं व्यायाम करायचा होता. व्यायामाचे फायदे वाचायला दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनीच तो केला. फायद्यांच्या जोडीला ‘कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं’ एवढंच लिहून द्यायला लावलेल्या गटात आकडा ९१ टक्के निघाला. आठवड्यातून एकदा व्यायाम म्हणजे फार मोठा पराक्रम नाही, हे मान्य. तरी मी कॅलेंडरवर लिहिलं: सोमवार ते शनिवार, पावणेसहा, रंकाळा टॉवर. आणि तिथं एक मित्र उभा केला.

मित्रानं आमिष जोडलं: चालून झालं की गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, पेल्यावर बोटभर फेस. नकोशा कामाला हवीशी गोष्ट बांधण्याचा प्रयोगही मिल्कमन यांनी केलेला आहे. उत्कंठावर्धक ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला ठेवली, तर सुरुवातीला त्या लोकांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी वाढल्या. मग मध्ये अमेरिकेतली थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि फरक विरून गेला. आमच्याकडे गणपती आले. दुधाचं आकर्षण तेवढंच राहिलं, चालण्याचं गेलं. आठवडाभर आम्ही थेट कट्ट्यावरच भेटत होतो.

एकवीस दिवस रेटलं की सवय लागते, असं सगळे सांगतात. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या रोजच्या नोंदी घेतल्या तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागताना दिसले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हा त्यातला मला सगळ्यात आवडलेला निष्कर्ष.

पण लॅलींच्या अभ्यासात कोल्हापूरचा पाऊस नव्हता. गेल्या जुलैत सलग चार दिवस चुकले. बूट गॅसच्या शेगडीशेजारी ठेवूनही वाळेनात. पाचव्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला.

‘टॉवरजवळ हाय. येणार हाईस काय?’

‘बूट ओले आहेत.’

‘माझंबी हाईत. रबरी चप्पल घाल आन् ये. छत्री एकच आणलीया.’