यूज्ड टू

यूज्ड टू : पूर्वी नेहमी घडणारी क्रिया किंवा पूर्वी असलेली, बहुधा आता पालटलेली स्थिती सांगणारा इंग्रजी क्रियापदबंध. त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘शी यूज्ड टू टीच इन नागपूर’ म्हणजे ती नागपुरात शिकवत असे. मराठीतील रीतिभूतकाळ (येत असे, येई) त्याला सर्वांत जवळचा.

‘यूज’ हे क्रियापद लॅटिनमधून प्राचीन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘वापरणे’ याबरोबरच ‘प्रघात असणे’ हाही अर्थ त्याला होता. त्या अर्थाने दुसऱ्या क्रियापदाशी जोडून ते साधारणतः चौदाव्या शतकापासून आढळते. त्या काळी हा प्रयोग वर्तमानकाळातही चालत असे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधील ११९ व्या स्तोत्रात (ओवी १३२) ‘ॲज दाउ यूजेस्ट टू डू’, म्हणजे ‘तू नेहमी करतोस त्याप्रमाणे’, असे रूप आहे. पुढे वर्तमानकाळी रूप मागे पडले आणि प्रमाण इंग्रजीत भूतकाळी रूप तेवढे उरले. हे का घडले याविषयी दोन मते दिसतात. एका मतानुसार ‘यूज टू’ आणि ‘यूज्ड टू’ बोलताना एकसारखेच ऐकू येऊ लागल्याने काळातला भेद पुसला गेला. दुसऱ्या मतानुसार साधा वर्तमानकाळ मुळातच सवय दाखवतो, म्हणून तेथे वेगळ्या रूपाची गरज उरली नाही. साध्या भूतकाळातून मात्र एकदाच घडलेले व नेहमी घडणारे वेगळे कळत नाही. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण भूतकाळी रूपच का टिकले याचाही उलगडा त्यातून होतो.

उच्चारातील फरक आजही कामाचा आहे. ‘वापरले’ या अर्थी ‘यूझ्ड’ असा घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह होणारा) उच्चार होतो, तर या प्रयोगात पुढच्या ‘ट’मुळे अघोष (कंपनाविना होणारा) ‘यूस्टू’. ‘द नाइफ यूज्ड टू कट ब्रेड’ याचा अर्थ ‘पाव कापायला वापरलेली सुरी’ की ‘ही सुरी पूर्वी पाव कापत असे’, हे कानाला लगेच कळते. कागदावर पुढचे वाक्य वाचावे लागते.

नकारार्थी वाक्यात ‘डिडन्ट’नंतर ‘यूज टू’ लिहावे हे शिष्टसंमत; ‘यूज्ड टू’ही छापील मजकुरात दिसते. ‘यूजन्ट टू’ आता जुनाट वाटते. ‘वुड’ने जुनी सवय सांगता येते, स्थिती नाही, ‘पूर्वी तो सातारला राहत असे’ येथे ‘यूज्ड टू’च हवे. एकूण कालावधी दिला असेल (‘पाच वर्षे राहिलो’), तर साधा भूतकाळ वापरावा.

‘बी यूज्ड टू’ हा प्रयोग निराळा : अंगवळणी पडलेले असणे. त्यापुढे नाम किंवा ‘इंग’युक्त रूप येते, जसे ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अर्ली’.

भारतीय इंग्रजीत ‘आय यूज टू गो डेली’ हे वाक्य चालू सवयीसाठी ऐकू येते. ते बायबलकालीन रूपाचा अवशेष नसून ‘मी जात असतो’ यासारख्या देशी रचनांची छाया असणे अधिक संभवनीय. प्रमाण इंग्रजीत येथे ‘आय गो डेली’ पुरते.