कोकोच्या डोक्यावरचं झाड कुणाचं?

कोकोचं फूल बघायचं तर फांद्यांच्या शेंड्यांकडे नजर लावून उपयोग नाही. फणसाची फळं धरतात तशी ही फुलं थेट खोडाला लागतात, नखाएवढी, पांढुरकी. येतात हजारोंनी, पण शंभरातली पाचसुद्धा फळापर्यंत पोचत नाहीत. परागीभवनाचं काम मुख्यतः दोन-तीन मिलिमीटरच्या चिलटांकडे, आणि त्यांच्या अळ्या वाढतात ओल्या, कुजत्या पाचोळ्यात. बाग लख्ख झाडून ठेवणारा माणूस पाचोळ्याबरोबर थोडं पीकही झाडून टाकतो.

मूळचं हे झाड ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, उंच वृक्षांच्या पायाशी वाढणारं. भर उन्हाच्या साधारण पाव हिश्श्यातच त्याच्या पानाचं पोट भरतं. मग त्याला सावली हवी हे उघडच आहे, असं वाटतं. तसं ते उघड नाही.

घानात कोको रुजवण्याचं श्रेय टेट्टे क्वार्शी यांना देतात. 1879 मध्ये त्यांनी फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या. पुढे लहान शेतकऱ्यांनी जंगल विरळ करून, मोठी झाडं राखून त्याखाली बागा केल्या. तिथल्याच टाफो या गावी 1950च्या दशकात संशोधकांनी सावली काढून टाकून पाहिली. उघड्यावरच्या, भरपूर खत घातलेल्या कोकोचं उत्पन्न सावलीतल्या बिनखताच्या कोकोच्या तिपटीवर गेलं! एकटं पान पाव उन्हात तृप्त होतं, पण अख्ख्या झाडात वरची पानं खालच्यांचं ऊन अडवतात. वरून जास्त ऊन मिळालं की खालच्या पानांनाही काम मिळतं.

पण हा जोर टिकला नाही. दहाएक वर्षांत उघड्या बागेचं उत्पन्न उतरू लागलं. भरमसाट फळणारं झाड जमिनीतून तितकंच उपसतं, आणि खताचं पोतं परवडणं ही लहान शेतकऱ्याची रोजची अडचण. त्यातून, सावलीच्या छतात भोक पडून ऊन आत आलं की कोवळे कोंब शोषणारे ढेकूणवर्गीय किडे नेमके तिथेच जमतात. सावली झाडाला दमानं घ्यायला लावते. माझ्या मते, जो शेतकरी दरवर्षी खत विकत घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी हाच तिचा खरा गुण.

म्हणून कुठलंही झाड चालतं असं नाही. दाट, खाली झुकलेल्या सावलीत दमट हवा कोंडते आणि फळं काळी पडून कुजतात. आपण जिला पांढरी सावर म्हणतो तिच्यात कोकोची फांदी सुजवणारा विषाणू आसरा घेतो. पिठ्या ढेकूण तो इकडून तिकडे नेतात. 1936 मध्ये घानात हा रोग नोंदला गेला आणि पुढे कोट्यवधी कोकोची झाडं तोडावी लागली. त्यापेक्षा आपल्या ऐनाचा आफ्रिकी भाऊबंद ओफ्राम बरा: सरळसोट, उंच, वर विरळ. अशी मोठी झाडं हेक्टरी पंधरा-अठरा पुरतात. रोपं लहान असताना तात्पुरती सावली केळीची. मध्य अमेरिकेत हे काम गिरीपुष्प करतं. कोकणात बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात तेच. तिकडे त्याचं स्पॅनिश नाव आहे ‘कोकोची आई’.

एवढं ठाऊक असूनही घानातला शेतकरी आपोआप उगवलेलं ओडुमचं, म्हणजे तिथल्या एका इमारती लाकडाच्या वृक्षाचं, रोप कित्येकदा उपटून टाकतो, मोठं असलं तर बुंध्याची साल काढून मारतो. हा अडाणीपणा नव्हे. नैसर्गिकरीत्या उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडावर तिथल्या कायद्यानं त्याची मालकी नाही, ते सरकारच्या ताब्यात असतं. चाळीस वर्षं त्यानं राखायचं, मग परवाना घेऊन ठेकेदार येणार, झाड आडवं करणार आणि त्याखाली कोकोची ओळच्या ओळ चिरडणार. भरपाई मिळाली तर मिळाली. स्वतः लावलेल्या झाडावर हक्क सांगता येतो, पण ते आपणच लावलं हे दाखवायला कागद लागतो.

केरळ-कर्नाटकात कोको माडा-पोफळीखाली लावतात. तिथे सावली देणारं झाडच घरचं कमावतं पीक. कोकणातल्या लाखी बागेत माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी लावतात, तोच हिशेब. नारळ उतरवायला पाडेली येतो, माड तोडायला ठेकेदार येत नाही.