'मी बाई' म्हटलं की महिला गटात प्रवेश? नाही
यवतमाळ-वाशिमकडच्या कबड्डीच्या मैदानांवर अजून ऐकू येतं, 'पुरुषानं मी बाई म्हटलं की झालं, महिलांच्या शर्यतीत उतरता येते.' साफ चूक. अ‍ॅथलेटिक्समध्ये २०१९ सालीही ट्रान्स महिलांना (जन्मानं पुरुष, पण स्वतःला बाई मानणाऱ्यांना) रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, किमान १२ महिने लिटरमागं ५ नॅनोमोलच्या खाली ठेवावं लागे. ३१ मार्च २०२३ पासून, पुरुष म्हणून वयात आलेल्यांना जागतिक स्पर्धांचा महिला गट बंदच आहे. कारण टेस्टोस्टेरॉन उतरवणाऱ्या औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं. स्नायूंची ताकद मात्र वर्षभरात थोडीच घटते, उंची तर तशीच राहते. सप्टेंबर २०२५ पासून एसआरवाय या पुरुषी घडणीच्या जनुकाची चाचणीही आली: आयुष्यात एकदाच, गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर किंवा रक्तावर. म्हणून जाड आवाज, रुंद खांदे पाहून गावच्या पोरीला 'पोरगा' ठरवणं हा निव्वळ अन्याय आहे. पंचांनी वयाचे कागद तपासावेत, अंग नाही.