नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वेमार्ग

पूर्व विदर्भातील, आता बंद झालेला अरुंद रुळांचा रेल्वेमार्ग. नागपूरच्या इतवारी स्थानकातून निघून कुही, उमरेड, भिवापूरमार्गे तो चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडला पोहोचे. लांबी सुमारे ११० किमी. लोकांच्या तोंडी ही ‘छोटी लाईन’. वऱ्हाडातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीशी तिची हमखास गल्लत होते. पण शकुंतला यवतमाळ–मूर्तिजापूरची, वेगळ्या कंपनीची.

बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग १९०८ साली सुरू केला. गोंदिया, जबलपूर, छिंदवाडा, नैनपूर या भागांत पसरलेल्या सातपुडा नॅरोगेज जाळ्याचाच तो दक्षिणेकडचा फाटा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिमी अंतर असते, इथे ७६२ मिमी, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यामुळे वळणे आखूड घेता येत, रूळ हलके चालत, पुलांचा खर्च वाचे. ही काटकसर पुढे महागात पडली. छोटीचा डबा मोठ्या रुळावर जाणार कसा? माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचा आणि प्रवाशांनी बोचकी उचलून गाडी बदलायची. गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर नागभीडलाही तेच नशिबी आले.

या गाडीची खरी गंमत खिडकीत होती. इतवारीची बाजारपेठ मागे पडली की कापूस-सोयाबीनची काळी शेते लागत. भिवापूर म्हणजे मिरची. तिला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यापुढे धानाच्या बांध्या, बोड्या (लहान तळी) आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले मालगुजारी तलाव दिसू लागले की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल-धानाच्या पट्ट्यात, शिरल्याचे कोणी सांगावे लागत नसे. कोळशाच्या इंजिनांची जागा नंतर डिझेलने घेतली, पण चाल संथच राहिली: सगळा प्रवास चार तासांहून अधिक. घाईचा माणूस उमरेड रोडवर एसटीला हात दाखवी.

ब्रॉडगेज रूपांतरासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये गाडी थांबली. नागपूर–छिंदवाडा छोटी लाईन त्याच कारणाने त्याआधीच, २०१५ मध्ये बंद झाली होती.

नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे (स्थापना २००२). तिथले सीसी ६७७ हे वाफेचे इंजिन १९०७ साली ग्लासगोत बनलेले. त्याच्या शेजारी उभे राहिले की ‘छोटी’ हे नाव फक्त रुळांपुरते होते, हे कळते. इंजिन चांगलेच धिप्पाड आहे.