प्रकाशाचे पट्टे, चाकाचे दात: वाहनांच्या वेगमापनामागचा इतिहास

यंत्रशाळेतली मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजणारी काचपट्टी आणि गाडीच्या चाकाशी बसवलेला एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर यांचे काम मुळात एकच आहे: समोरून सरकणाऱ्या रेषा मोजायच्या. फरक दोन ठिकाणी पडतो. रेषा किती बारीक आहेत हा एक, आणि सेन्सर एका वेळी एकच रेषा पाहतो की शेकडो, हा दुसरा. हा दुसरा फरक सहसा कोणी सांगत नाही, पण अचूकतेचे बरेचसे मर्म त्यातच आहे.

सुरुवात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांच्यापासून करावी लागते. १८८१ मध्ये पॉट्सडॅम येथे त्यांनी प्रकाशाचा किरण दुभागला, दोन आरशांवरून परत आणला आणि पुन्हा एकत्र केला. उजेड-अंधाराचे पट्टे दिसले. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीइतका सरकला की एक पट्टा पुढे जातो. १८९२-९३ मध्ये याच रचनेने त्यांनी पॅरिसजवळच्या सेव्र येथे प्रमाण मीटरच मोजायला घेतला. कॅडमियमच्या लाल प्रकाशात मीटरभर अंतराला तीस लाखांहून जास्त पट्टे सरकतात. एवढे डोळ्यांनी मोजणे शक्यच नव्हते. त्यांनी नऊ मधली मापे बनवली. सर्वांत लहान सुमारे ०.३९ मिमीचे आणि प्रत्येक पुढचे जवळपास दुप्पट, असे करत १० सेंमीपर्यंत. प्रत्यक्ष मोजणी फक्त लहान मापावर, सुमारे १२०० पट्ट्यांची. पुढे दर वेळी दुपटीची तुलना करून उरलेला अंश तेवढा वाचायचा. उत्तर आले १५,५३,१६३.५ तरंगलांब्या. १९६० मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरली (क्रिप्टॉन-८६ च्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या), तिचे मूळ या कामात आहे.

मोटारींच्या कारखान्यात प्रकाश पहिल्यांदा शिरला तो मापे तपासण्यासाठी. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, ८९ भाग साठ्यातल्या नव्या भागांनी बदलले आणि गाड्या पुन्हा जोडून ५०० मैल चालवल्या. सुटे भाग असे अदलाबदल करता यायचे तर प्रत्येक यंत्रावरचे माप एकाच प्रमाणाशी जुळलेले हवे. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांचे स्लिप गेज (नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे) त्यासाठीच होते, आणि १९२३ मध्ये ते स्वतः फोर्ड कंपनीत रुजू झाले. स्लिप गेजचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे त्यावर ऑप्टिकल फ्लॅट (अत्यंत सपाट घासलेली काच) ठेवून पाहतात. पट्टे सरळ दिसले तर सपाट. एका पट्ट्याच्या अंतराइतका बाक दिसला तर सुमारे ०.३ मायक्रॉनचा उंचवटा किंवा खळगा. तपासण्याआधी गेज हातात धरून ठेवला तर सगळे वाया जाते. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढते. त्या मानाने हवेमुळे प्रकाशात पडणारी चूक लहान आहे. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर मीटरमागे सुमारे १ मायक्रॉन, आणि दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर सुमारे ०.२७ मायक्रॉन. म्हणून लेझरने मोजतानाही आधी कामाच्या तुकड्याचे तापमान नोंदवायचे, हवेचे नंतर.

मात्र यंत्राच्या सरकपट्टीवर, तेलाच्या शिंतोड्यांत, मायकेलसनचे आरसे टिकणार कसे? तिथे कामी आली काचेवर आखलेल्या रेषांची ग्रेटिंग. सारख्या अंतराच्या दोन ग्रेटिंग किंचित तिरक्या करून एकमेकींवर ठेवल्या की रुंद सावल्या दिसतात. यांना मॉयरे पट्टे म्हणतात, आणि ग्रेटिंग तपासायला ते वापरता येतील हे लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्येच सुचवले होते. हिशेब सोपा आहे. रेषांमधले अंतर २० मायक्रॉन आणि तिरकेपणा ०.१ अंश असेल, तर दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण ११.५ मिमी होते. ग्रेटिंग २० मायक्रॉन सरकली की पट्टा ११.५ मिमी सरकतो. जवळपास ५७० पट मोठे करून दाखवणारे साधन, आणि त्यात भिंग एकही नाही.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हा पट्टा एका रेषेमुळे उमटत नाही, शेकडो रेषा मिळून तो घडवतात. एखादी रेषा चुकीच्या जागी आखली गेली तरी तिची चूक बाकीच्यांत विरून जाते. काचेवर धुळीचा कण बसला तर उजेड-अंधारातला फरक थोडा कमी होतो, मोजणी चुकत नाही. अशा लांब ग्रेटिंग स्वस्तात बनवण्याची ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सर थॉमस मर्टन यांची युक्तीही याच तत्त्वाची होती. दंडगोलावर बारीक आटा कापायचा. त्यावर एक लांब नट चढवायचा, ज्याच्या आतल्या बाजूला मऊ, दबणारे अस्तर आहे. ते अस्तर एकाच वेळी असंख्य आट्यांवर बसते, त्यामुळे नटाच्या चालीत आट्यांच्या बारीकसारीक चुकांची सरासरी होते. त्या चालीने दुसरा आटा कापायचा, तो पहिल्यापेक्षा सरस निघतो. मग त्याचा जिलेटिनवर साचा घेऊन तो उलगडून सपाट करायचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत या पद्धतीवर काम झाले, आणि १९५० च्या दशकात एडिंबरा येथे फेरँटी कंपनीने मॉयरे पट्ट्यांवर चालणारे यंत्रनियंत्रण उभे केले.

मोजणीत एक अडचण सगळीकडे सारखीच येते. एकच प्रकाशग्राहक असेल तर रेषा पुढे गेली की मागे, हे कळत नाही. यंत्र एका रेषेच्या काठावर थरथरत राहिले तर आकडा वाढतच जातो. उपाय म्हणजे दुसरा ग्राहक पाव रेषेच्या अंतरावर बसवायचा. कोणता आधी उजळला त्यावरून दिशा कळते, आणि एका रेषेचे चार भागही मिळतात.

गाडीत हीच मोजणी लोखंडी दातांवर आली. बॉशची एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये दिली जाऊ लागली, तेव्हाचे सेन्सर चुंबक आणि वेटोळ्याचे होते. ४८ दातांची चकती आणि १.९२ मीटर घेराचे चाक घेतले तर एका दाताला ४ सेंमी रस्ता. ताशी ३६ किमीला सेकंदाला २५० दात जातात, ३.६ किमीला फक्त २५. वेटोळ्यातला विद्युतदाब वेगाच्या प्रमाणात असल्याने चालण्याच्या वेगाला तो गोंगाटात बुडतो. शिवाय हा सेन्सर एका वेळी साधारण एकच दात पाहतो, म्हणून एका दाताचा दोष थेट बाहेर दिसतो. नेहमीचा बिघाड असा: दाबून बसवलेल्या दातेरी कड्याखाली गंज फुगतो, कडे एका जागी तडकते आणि दोन दातांमधली फट रुंदावते. थांबता थांबता, शेवटच्या काही मीटरमध्ये, कोरड्या रस्त्यावरही ब्रेकचे पेडल थरथरते. सेन्सर बदलून काही होत नाही. ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) चाकाच्या एका फेऱ्याचे स्पंद पाहावेत. दर फेऱ्याला त्याच जागी एक स्पंद लांबलेला दिसला तर दोष कड्यात आहे.

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर शोधलेला परिणाम (प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्यात आडवा विद्युतदाब निर्माण होतो) इथे कामी आला. त्यावर चालणारा सेन्सर अगदी मंद वेगालाही सारखाच संकेत देतो. दोन तारांच्या सेन्सरमध्ये प्रवाह ७ आणि १४ मिलिअँपिअर यांत बदलतो, त्यामुळे जोडणीतला थोडा गंज संकेत बिघडवत नाही. दातांची जागा आता बऱ्याच बेअरिंगच्या सीलमध्ये बसवलेल्या चुंबकी पट्टीने घेतली आहे. ती साध्या सीलसारखीच दिसते. बेअरिंग उलटे ठोकले तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि संकेतच येत नाही. ठोकण्याआधी चुंबकी पट्टे दाखवणारे कार्ड लावून बाजू ओळखावी.

पण चाक किती फिरले म्हणजे गाडी किती गेली असे नाही. ब्रेक लागताना टायर घसरत असतो. टायरची नक्षी ८ मिमीवरून २ मिमीवर आली की त्रिज्या सुमारे २ टक्क्यांनी घटते. चाचणीच्या गाड्यांना खरा वेग मोजण्यासाठी पूर्वी मागे मोकळे फिरणारे पाचवे चाक जोडत, पण ते खड्ड्यांवर उडते. इथे ग्रेटिंग पुन्हा उपयोगी पडली. जे. टी. एटर यांनी १९६३ मध्ये समांतर फटींमधून सरकत्या प्रतिमेचा वेग मोजण्याचा सिद्धांत मांडला. पुढे जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने कोरेविट हे रस्त्यावरचे उपकरण आणले. खडीची प्रतिमा ग्रेटिंगवर पाडायची. ग्रेटिंगची एक रेषा रस्त्यावरच्या ५ मिमीइतकी असेल, तर सेकंदाला २० मीटर वेगाने ४००० कंपने मिळतात. रस्त्यावर रेषा आखलेल्या नसतात, पण असंख्य खडे एकदम पाहिले की त्यांच्या वेड्यावाकड्या मांडणीतून ग्रेटिंग आपल्या मापाची लय वेचून घेते. सरासरीचा हा विचार मर्टन यांच्या नटाच्याच जातीचा, म्हणून मला हे उपकरण फार आवडते.

ऊन-सावलीने प्रकाश एकदम बदलतो. म्हणून सम आणि विषम पट्ट्यांचा प्रकाश वेगळ्या ग्राहकांवर घेऊन वजाबाकी करतात. गाडी वरखाली होते, तेव्हा साध्या भिंगाने ३५० मिमी उंचीत १० मिमी फरक पडला तरी जवळपास ३ टक्के चूक येईल. त्यासाठी भिंगाच्या मागच्या नाभीवर छिद्र ठेवतात. मग उंची बदलली तरी प्रतिमेचे प्रमाण तेच राहते. साचलेले पाणी आणि ताजा बर्फ यांवर मात्र उपाय नाही, तिथे खड्यांची छटाच उरत नाही.

आडवा वेगही मोजला की गाडीचा घसरकोन (गाडीचे तोंड आणि तिची प्रत्यक्ष चाल यांतला कोन) मिळतो, आणि बसवण्यातली चूक तिथे जड जाते. सेन्सर अर्धा अंश तिरका असेल तर ताशी १०० किमीला ०.८७ किमीचा खोटा आडवा वेग दिसतो. सरळ, सपाट रस्त्यावर दोन्ही दिशांनी गाडी चालवून ही चूक काढून टाकावी. एकाच दिशेने चालवली तर रस्त्याचा उतार त्यात मिसळतो. सेन्सर बंपरवर असेल तर गाडीच्या वळण्याचा वेग गुणिले गुरुत्वमध्यापासूनचे अंतर, एवढा आडवा वेगही वजा करावा लागतो.

स्पंद पाठवून वेळ मोजणाऱ्या लिडारमध्ये (लेझर प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या उपकरणात) एका नॅनोसेकंदाला १५ सेंमी अंतर पडते. तिथे रेषा मोजण्याचा प्रश्नच नाही. पण अखंड किरणाची वारंवारता बदलत ठेवणाऱ्या लिडारमध्ये परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळतात, आणि समोरची गाडी मायकेलसनच्या आरशाच्या जागी येते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ती दर ७७५ नॅनोमीटर जवळ आली की एक पट्टा. सेकंदाला १० मीटर वेगाला सुमारे १.२९ कोटी पट्टे. रस्ता आडवा ओलांडणाऱ्यासाठी मात्र ही मोजणी जवळपास शून्यच येते, कारण त्याचे किरणाच्या दिशेतले अंतर बदलत नाही.