संग्राह्य वस्तूंची फेरविक्री

नाणी, टपाल तिकिटे, पदके, कॉमिक्स, खेळाडूंची कार्डे, खेळणी, घड्याळे, चिनी मातीची भांडी अशा, संग्राहकांकडून मागणी असलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात मिळवून नफ्याने विकण्याचा व्यवसाय. जुने बाजार, भंगाराची दुकाने, घरसामानाचे लिलाव आणि वारसांनी विकायला काढलेले संग्रह ही खरेदीची नेहमीची ठिकाणे होत. पुराणवस्तूंच्या व्यापाराशी या व्यवसायाचे जवळचे नाते आहे. मात्र पुराणवस्तूला वयाची अट असते, संग्राह्य वस्तूला नसते. नव्या मालाचा साठा करून टंचाईच्या वेळी तो विकणे, हा प्रकार येथे विचारात घेतलेला नाही.

उगम : या व्यवसायाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. सर्वांत जुना म्हणून रोमन पुरावा पुढे केला जातो. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ग्रीसमधील कॉरिंथ हे शहर उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ च्या सुमारास तेथे नवी वसाहत बसविली. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो, की ढिगारे उपसताना या वसाहतकऱ्यांना जुन्या थडग्यांत उठावाची नक्षी असलेली मातीची भांडी व काशाची पात्रे सापडली. मग त्यांनी एकही थडगे उकरायचे बाकी ठेवले नाही आणि चढ्या भावाने विकलेल्या या मालाने रोम भरून गेले. पुढे माल संपत आला, उरलेला सुमार निघू लागला आणि लोकांची हौसही ओसरली, अशी नोंद तो करतो. तेजीमंदीचे इतके नेमके प्राचीन वर्णन दुसरे क्वचितच सापडेल. तथापि फुकट हाती लागलेल्या मालाची ही पहिली विक्री होती. तिला फेरविक्री म्हणणे कठीण.

खरा फेरविक्रेता भेटतो तो रोमन कवी हॉरेसच्या उपहासिकांच्या दुसऱ्या भागात (इ.स.पू. ३० च्या सुमारास). त्यातील डॅमासिप्पस हा दिवाळखोर इसम आपल्या चांगल्या दिवसांची आठवण सांगतो : ग्रीक पुराणकथांतील राजा सिसिफसने कोणत्या काशाच्या घंगाळात पाय धुतले याचा तो शोध घेत असे, ओतीव कामातला दोष त्याला ओळखता येई आणि एखाद्या पुतळ्याला एक लाखाची किंमत तो बेधडक लावी. रोमन वक्ता सिसरो याच्या एका पत्रातही पुतळे विकत घेऊ पाहणारा डॅमासिप्पस येतो. दोघे एकच असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हॉरेसचे लेखन उपहासात्मक आहे, त्यामुळे त्यातील तपशील शब्दशः घेता येत नाही. शिवाय नफ्याचा स्पष्ट उल्लेख त्यात बागा आणि घरे यांच्या संदर्भात आहे. तरीही पारख आणि सौदा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी दाखविणारा हा उतारा डावलता येणार नाही.

दुसरे मत सुंग काळातील (इ.स. ९६०–१२७९) चीनकडे बोट दाखविते. राजधानी काइफंग येथील श्यांगक्वो मंदिराच्या आवारात महिन्यातून पाच वेळा बाजार भरे व त्यात ग्रंथ, जुन्या वस्तू आणि चित्रे विकली जात, असे मंग युआनलाओ याने बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे. कवयित्री ली छिंगजाओ हिने आपल्या संसाराच्या पहिल्या दिवसांविषयी लिहिले आहे, की पती जाओ मिंगचंग महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी कपडे गहाण ठेवून पाचशे नाणी मिळवी आणि याच बाजारातून कोरीव लेखांचे ठसे व फळे घेऊन घरी येई; मग दोघे फळे खात ते ठसे न्याहाळत. जुन्या वस्तूंच्या बाजारातील गिऱ्हाइकाचे इतके जिव्हाळ्याचे चित्र अन्यत्र दुर्मिळ आहे. परंतु हे दांपत्य संग्राहक होते. त्यांना माल विकणाऱ्याविषयी हा उतारा गप्प आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस (इ.स. १३८८ च्या सुमारास) छाव जाओ याने जुन्या वस्तूंची पारख व नकली माल ओळखण्याच्या खुणा सांगणारी पुस्तिका लिहिली. म्हणजे तोपर्यंत फसले जाणारे खरेदीदार मुबलक असावेत, असे अनुमान करता येते.

तिसऱ्या मतानुसार हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, आणि येथे तेच अधिक ग्राह्य वाटते. कारण असे, की फेरविक्रेत्याचा नफा दोन भावांमधल्या फरकातून येतो आणि त्यासाठी दुसरा भाव आधी माहीत असावा लागतो. लंडनमधील सदबीज (१७४४) व क्रिस्टीज (१७६६) या लिलावसंस्थांमुळे भाव जाहीर होऊ लागले खरे, पण ते एकेका नगापुरते. एकाच छापाच्या हजारो नगांना लागू पडेल असा छापील भाव टपाल तिकिटांमुळे आला. पहिले चिकट टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, १८४० मध्ये निघाले. १८६१ मध्ये स्ट्रॅसबर्ग येथे ऑस्कार बेर्जे-लव्हरो आणि पॅरिस येथे आल्फ्रेड पोतिके यांनी तिकिटांच्या याद्या छापल्या. स्टॅन्ली गिबन्झ या इंग्रज व्यापाऱ्याची पहिली दरसूची १८६५ ची. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या त्रिकोणी तिकिटांचे पोते गिबन्झने दोन खलाशांकडून पाच पौंडांना घेतले व त्यावर शंभरपट मिळविले, ही कथा वारंवार सांगितली जाते. ती त्याच्या स्वतःच्या आठवणींवर आधारलेली असल्याने आकड्यांबाबत सावध राहणे बरे. पॅरिसच्या वेशीबाहेर सांत्वाँ येथे चिंध्या वेचणाऱ्यांच्या पालांतून वाढलेला जुना बाजारही याच काळातला. त्याचा आरंभ सामान्यतः १८८५ धरतात.

नफ्याचे स्वरूप : विकणाऱ्याला वस्तूची जी ओळख असते तिच्याहून अधिक ओळख घेणाऱ्याला असणे, हे नफ्याचे मूळ. भंगारवाला वस्तूकडे धातू म्हणून पाहतो, वारस अडगळ म्हणून पाहतो आणि संग्राहक तिच्याकडे आपल्या मालिकेतला राहिलेला नग म्हणून पाहतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे फाबेर्झे या रशियन जवाहिऱ्याने झारसाठी १८८७ मध्ये केलेले सोन्याचे अंडे. अमेरिकेतील एका भंगार सोन्याच्या व्यापाऱ्याने ते सुमारे १४,००० डॉलरला घेतले. वितळवून पाचेकशे डॉलर नफा सुटावा एवढीच त्याची अपेक्षा होती. पण त्याने दिलेल्या किमतीइतकेही सोने त्यात नाही, असे गिऱ्हाइकांनी सांगितले आणि अंडे त्याच्याकडे पडून राहिले. २०१२ मध्ये आतील घड्याळावरचे ‘व्हाशरॉं कॉन्स्टंटिन’ हे स्विस घड्याळ कंपनीचे नाव आणि ‘अंडे’ हा शब्द इंटरनेटवर शोधल्यावर त्याला खरा प्रकार कळला. मोडीचा हिशेब चुकला नसता तर हे अंडे आज अस्तित्वातच नसते. १९८० च्या प्रारंभी चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरजवळ गेला, तेव्हा असंख्य चांदीची नाणी अशीच वितळवली गेली. त्यामुळे टांकसाळीच्या दप्तरातील संख्येवरून एखाद्या नाण्याची आजची दुर्मिळता ठरविता येत नाही.

एकगठ्ठा माल घेऊन तो फोडून विकणे ही दुसरी वाट. शंभर तिकिटांच्या वहीतले पाच नग पूर्ण वहीची किंमत वसूल करून देतात आणि उरलेले पुढच्या लहान व्यापाऱ्याकडे जातात. व्यवसायाच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी एका व्यक्तीने आयुष्यभर जुळविलेला संग्रह, त्यातील टिपणांसह आणि क्रमासह, यात कायमचा विखुरतो, आणि ही हानी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

भाव किती टप्प्यांनी चढतो, हे दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना या वसाहतीच्या १८५६ मधील एक सेंटाच्या किरमिजी तिकिटावरून दिसते. १८७३ मध्ये ते एका बारा वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या कागदपत्रांत सापडले व त्याने ते सहा शिलिंगांना विकले. १८७८ मध्ये लिव्हरपूलच्या टॉमस रिडपाथने ते ज्यात होते तो संग्रहच सुमारे १२० पौंडांना घेतला आणि हे एकटे तिकीट फिलिप फॉन फेरारी या संग्राहकाला सुमारे १५० पौंडांना दिल्याचे सांगतात. म्हणजे बाकीचा संग्रह त्याला फुकटच पडला. २०१४ मध्ये त्याच तिकिटाला ९४.८ लाख डॉलर आले. २०२१ मध्ये मात्र ८३ लाखच. जगातील एकमेव नग असूनही सात वर्षांत तोटा झाला. नफ्याच्या कथा जितक्या सांगितल्या जातात तितकी ही दुसरी बाजू सांगितली जात नाही.

खर्चाची बाजूही लक्षात घ्यावी लागते. सदबीज व क्रिस्टीज यांनी १९७५ मध्ये विक्रेत्याच्या दलालीखेरीज खरेदीदाराकडूनही अधिभार घ्यायला सुरुवात केली. १०० ला पुकारा संपला, खरेदीदाराने १२० दिले आणि विक्रेत्याच्या हाती ९० पडले, तर त्याच नगाचा भाव एक-तृतीयांशाने चढेपर्यंत फेरविक्रेत्याला मुद्दलही सुटत नाही.

प्रतवारी : एकाच साच्याच्या दोन नाण्यांचा भाव त्यांच्या स्थितीनुसार कित्येक पटींनी बदलतो, म्हणून प्रतवारी हा या व्यवसायाचा कणा आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तिच्यामागील कल्पना सरळ होती : जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक डॉलर असेल, तर त्याच जातीच्या निर्दोष नाण्याची सत्तर. म्हणजे अंक ही मुळात किंमतच होती. वरच्या प्रतीचे भाव वेगाने चढल्यावर हा हिशेब लवकरच मोडला, अंक मात्र टिकले. १९७० च्या दशकात अमेरिकन नाणकशास्त्र संघटनेने ते सर्व नाण्यांसाठी स्वीकारले. (खुद्द शेल्डनने न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील सरस सेंट काढून त्यांच्या जागी आपले हलके नग ठेवल्याचे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले.) १९८६ पासून त्रयस्थ संस्था नाणे तपासून, अंक देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत घालू लागल्या. त्यामुळे नाणे न पाहताही सौदा होऊ लागला. ६४ आणि ६५ यांतील फरक तज्ज्ञांनाही दरवेळी सारखा दिसत नाही, पण भावात तो मोठा असतो. म्हणून डबी फोडून तेच नाणे वरच्या अंकाच्या आशेने पुन्हा पाठविणे हा स्वतंत्र उद्योगच झाला आहे.

या फरकाचे मूळ नाण्याच्या पृष्ठभागात आहे. ठसा आदळताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म त्रिज्यीय रेषा उमटतात. एकाच दिव्याखाली नाणे कलते धरून फिरवले, की या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. वापरात प्रथम उंच भागांवरचा हा प्रकाश मोडतो : गालाचे हाड, केसांची बट, अक्षरांच्या माथ्याकडची कड. नाणे चिंच, राख, पूड किंवा फडक्याने घासले, की ते वरवर चकचकीत होते, पण रेषा जातात आणि त्यांच्या जागी समांतर ओरखडे राहतात. हे नुकसान भरून काढण्याचा कोणताही उपाय नाही. विक्रीपूर्वी नाणे ‘साफ’ करण्याच्या सवयीने जितकी चांगली नाणी खराब केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असतील. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून झिरपणारा हिरवट चिकट थरही तसाच घातक असतो.

छापील वस्तूंमध्ये छाटणी, म्हणजे झिजलेल्या कडा कापून टाकणे, हा मुख्य दोष आहे. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे १९०९–११ मधील कार्ड १९८५ मध्ये २५,००० डॉलरला घेऊन दोन वर्षांनी १,१०,००० ला विकले गेले. पुढे प्रतवारी संस्थेने त्याला १० पैकी ८ अंक दिले. आपण त्याच्या कडा कापून घेतल्या होत्या, असे विक्रेत्या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात मान्य केले.

बनावट वस्तू : ओतीव बनावट नाण्यावर अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवर साच्याची शिवण दिसते. चांदीसाठी विशिष्ट गुरुत्वाची कसोटी उपयोगी पडते : नाणे हवेत तोलावे, दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून पुन्हा तोलावे आणि हवेतील वजनाला दोहोंतील फरकाने भागावे. शुद्ध चांदीला उत्तर १०.५ च्या आसपास येते. सोन्याबाबत ही कसोटी अपुरी आहे, कारण टंग्स्टनचे गुरुत्व जवळजवळ सोन्याइतकेच (१९.३) असते. ठसे कोरून पाडलेल्या बनावट नाण्यांना वरील खुणाही लागू पडत नाहीत. जर्मन कोरक कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने अशी अनेक प्राचीन नाणी पाडली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून तो त्यांना घोडागाडीतून फिरवी, असे सांगतात. आता त्याच्या नकलांचेही संग्राहक आहेत.

बाजारातील चढउतार : जे सर्वजण जपून ठेवतात ते दुर्मिळ होत नाही. १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मूळ किंमत दहा सेंट होती व २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली, कारण बहुतेक प्रती वाचून टाकून दिल्या गेल्या होत्या. याउलट १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ८० लाखांवर प्रतींनी खपला आणि गुंतवणूक म्हणून घेतलेल्या प्रती मोठ्या संख्येने तशाच राहिल्या. १९९५ मध्ये ईबे हे इंटरनेटवरील लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर गावोगावच्या भावांतील फरक घटला, आणि केवळ इथून घेऊन तिथे विकण्याचा नफाही.

कायदा : लिलावात व्यापाऱ्यांनी संगनमताने बोली न चढविता माल स्वस्तात घ्यावा व नंतर आपापसांत दुसरा लिलाव करून फरक वाटून घ्यावा, या प्रथेला ब्रिटनने १९२७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले, खटले मात्र थोडेच झाले. सांस्कृतिक वस्तूंची अवैध आयात-निर्यात रोखण्याचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. युनिद्रुआ या खासगी कायद्याच्या एकीकरणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९५ च्या करारानुसार चोरीची वस्तू बाळगणाऱ्याला ती परत करावीच लागते; खरेदीपूर्वी मालकीची वाजवी चौकशी केल्याचे सिद्ध केले तरच भरपाई मिळते. त्यामुळे खरेदीची पावती, जुन्या मालकाचे पत्र, लिलावाचा क्रमांक असलेली चिठ्ठी हे कागद वस्तूसोबत ठेवणे फेरविक्रेत्याला आवश्यक झाले आहे.