पहिला चीक पिळून टाकू नका

"पहिलं दूध पिवळं, चिकट असतं, बाळाला बाधतं. पिळून टाका, तिसऱ्या दिवसापासून पाजा." खानापूर, निपाणी, बेळगावकडं पहिलटकरणीला हे अजून ऐकावं लागतं. हे साफ चुकीचं आहे.

तो चीक असतो. म्हैस व्याली की चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी कौतुकानं वाटतो, मग बाळाच्या हक्काचा चीक का फेकायचा? त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर असतात, आणि बाळाची पहिली काळी शी सुटायलाही तो मदत करतो. चमचाभरच येतो म्हणून घाबरू नका. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढाच लागतो. बाळ ओढेल तसं दूध उतरतं. पाजायचं थांबवलं, तर दूध यायलाच उशीर होतो.

मध, साखरपाणी, गुटी नको. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषामुळं अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. 6 महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडलं, तर पाणीसुद्धा नाही.

बाळंतपणाला माहेरी गेलात की आईशी, आजीशी हे आधीच बोलून ठेवा. तासाभरात बाळ छातीशी द्या, असं नर्सबाईंनाही सांगा. सिझेरियन झालं तरी आई शुद्धीवर असेल तर पाजता येतं.